एका आवाजाचे देणे

आमच्या कचेरीत 'रेकॉर्ड' हा शब्द दिवसातून शंभर वेळा तरी उच्चारला जातो. रेकॉर्ड काढा, रेकॉर्ड तपासा, रेकॉर्डला लावा, रेकॉर्डवर काही नाही. यांतले शेवटचे वाक्य आमच्या धंद्यातले सर्वांत भयंकर वाक्य आहे, हे कळावयास नोकरीची दहा वर्षे जावी लागतात. जे रेकॉर्डवर नाही ते घडलेच नाही, असे धरून आम्ही निर्णय करीत असतो. आणि तसे न धरावे तर राज्यकारभार एक दिवसही चालणार नाही, हेही तितकेच खरे.

घरी आल्यावर हाच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतो. दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत खालच्या मजल्यावर एक वृद्ध बंगाली गृहस्थ आपल्या नोकरदार मुलाकडे राहतात. सारी वसाहत त्यांना काकाबाबू म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्यापाशी चावीचा एक ग्रामोफोन आहे आणि कोलकात्याहून आणलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांची एक जड पेटी. पावसाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी त्या पेटीतली एक तबकडी लावली. भाषा आम्हांस कळण्याजोगी नव्हती. प्रथम नुसती खरखर, मग वाद्ये, आणि मग एका पुरुषाचा आवाज असा काही वर चढला की हातातला चहाचा पेला आम्ही तसाच धरून राहिलो. त्या आवाजात जोर होता, पण जबरदस्ती नव्हती. उंच स्वरावर तो पोचत नव्हता, तेथे जणू आधीपासूनच राहत होता. साडेतीन-चार मिनिटांत तबकडी संपली.

"हा कोण?" आम्ही विचारले.

"योझेफ श्मिट," काकाबाबू म्हणाले. "ऑपेराचा गवई. पण ऑपेराच्या रंगभूमीने त्याला उभे करून घेतले नाही."

"का बरे?"

काकाबाबूंनी उत्तर न देता आपला तळहात टेबलाच्या थोडा वर आडवा धरून दाखविला. उंची कमी पडली!

त्या दिवसापासून या माणसाने आमच्या मनात जे घर केले आहे, ते संगीताच्या आवडीपेक्षा एका प्रश्नामुळे. एखाद्याचा आवाज आपण घ्यावा आणि त्याच्या मालकाला दाराबाहेर ठेवावे, हे आपल्याला कितपत शोभते? प्रश्न वरकरणी काव्यात्म दिसतो. पण श्मिटच्या चरित्रात तो अगदी कागदोपत्री, तारीखवार उभा राहतो, आणि म्हणूनच आमच्यासारख्या कारकुनास तो टाळता येत नाही.

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा आणि श्रीमंत भाऊबंद, असे सोयीसाठी समजावे. तेथे गद्य जवळजवळ नाही, आणि साठ-सत्तर वाद्यांच्या ताफ्यावरून, मायक्रोफोनवाचून, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. या कलेत 'टेनर' म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, आणि बहुधा तोच नायक. नायक म्हटला की तो नायिकेहून उंच असावा, तलवार त्याच्या कमरेला शोभावी, ही प्रेक्षकांची अपेक्षा. श्मिट जेमतेम पाच फूट उंचीचा होता. काही जण तर तेवढाही नव्हता म्हणतात.

या बाबतीत आपल्या रंगभूमीचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी म्हणून बालगंधर्व रंगभूमीवर आले तेव्हा पडद्यामागे कोण आहे हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकास ठाऊक होते. पुरुषाच्या देहातली स्त्री मराठी प्रेक्षकांनी डोळे उघडे ठेवून मान्य केली, कारण गाणे आणि अभिनय यांनी देहाचा दावा खारीज केला होता. बर्लिनच्या प्रेक्षकांस मात्र ठेंगण्या देहातला नायक मान्य झाला नसता, किंवा निदान नाट्यगृहांच्या चालकांना तसे वाटले. आपण फार उदार होतो असे आम्ही म्हणत नाही. ती उदारता कोणत्या अडचणीतून जन्मली, स्त्रियांना रंगभूमी का मोकळी नव्हती, हे सर्वांस माहीत आहे. तरी पण डोळ्यांनी कानाचे ऐकावे हे शिकता येते, एवढे त्यावरून दिसते खरे.

श्मिटचा जन्म ४ मार्च १९०४ रोजी बुकोविना प्रांतातल्या डाविडेनी नावाच्या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हा प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो रुमानियाकडे गेला. आज त्याचे मुख्य शहर चेर्नोवित्स युक्रेनमध्ये आहे. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचे राष्ट्रीयत्व बदलते, याचे हे उदाहरण पुढे त्याच्या कागदपत्रांच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. चेर्नोवित्सच्या सिनेगॉगमध्ये तो गाऊ लागला. ज्यूंच्या प्रार्थनेत मुख्य गायक शब्दाच्या एकेका अक्षरावर स्वरांच्या लडी उलगडीत जातो. आपल्याकडची तान जाणणाऱ्या कानाला ते अगदीच परके वाटत नाही. श्मिटच्या गळ्यातली चपळाई आणि त्याची ती रेशमी मुरकी या तालमीतून आली, असे जाणकार म्हणतात आणि तबकडी ऐकताना ते पटते. पुढे बर्लिनला हेरमान वाइसेनबोर्न यांच्याकडे त्याने रीतसर शिक्षण घेतले, मध्ये रुमानियाची लष्करी सेवा केली, पुन्हा प्रार्थनागायक झाला, आणि १९२९ साली परत बर्लिनला आला.

तेथे त्याला रेडिओ भेटला.

ही भेट म्हणजे केवळ नशीब नव्हे. बर्लिनला रेडिओचे प्रक्षेपण १९२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाले होते, आणि १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणही भोंग्याकडून मायक्रोफोनकडे वळले होते. भोंग्यापुढे ओरडावे लागे, मायक्रोफोनपुढे गाता येई. शिवाय मायक्रोफोनला डोळे नसतात. जे नाट्यगृह श्मिटला नायक म्हणून घेण्यास धजत नव्हते, त्याचीच कामे रेडिओ त्याला बिनदिक्कत देऊ लागला. कॉर्नेलिस ब्रॉन्सखेस्ट या गायकाकडे बर्लिन रेडिओवरील ऑपेरांची व्यवस्था होती. त्याने हा आवाज हेरला. एप्रिल १९२९ मध्ये मेयरबेअरच्या 'ला आफ्रिकेन' या ऑपेरात श्मिट प्रथम रेडिओवर गायला. या ऑपेराचा नायक कोण, हे वाचून आपल्या वाचकांना गंमत वाटेल. तो वास्को द गामा आहे! पूर्वेकडची नवी भूमी दृष्टीस पडताच हरखून गेलेल्या त्या दर्यावर्दीचे एक प्रसिद्ध गाणे त्यात आहे. आपल्याला त्या आगमनाचा पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे आपण त्या आनंदात सहभागी होऊ शकत नाही, हा भाग वेगळा. पण श्मिटने त्याची तबकडी केली आहे, आणि नवी भूमी पाहून इतके निर्मळ हरखणे आम्ही दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून ऐकलेले नाही. त्याला स्वतःला पुढे अशी भूमी मिळावयाची नव्हती.

त्यानंतरची चार वर्षे त्याच्या भाग्याची. रेडिओवर एकामागून एक ऑपेरा, तबकड्यांमागून तबकड्या. व्हेर्दी असो की पुचिनी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तो बहुधा जर्मन भाषेत गाई. रेडिओवरचे ते गाणे बहुतेक त्या त्या रात्रीच हवेत विरले. तबकड्या तेवढ्या उरल्या. त्यांची मर्यादा ध्यानात घ्यावी. मोठ्या तबकडीच्या एका बाजूस चार-सव्वाचार मिनिटे, लहान तबकडीस तीनच्या आसपास. तीन तासांच्या ऑपेरातली भूमिका कशी वाढली, पहिल्या अंकातला संकोच तिसऱ्या अंकात कसा मोडला, हे त्यात येऊच शकत नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखल्यांचे गाणे ऐकलेली माणसे गेली आणि बुवांचे गाणे गेले. मागे तबकडी नाही. त्या मानाने श्मिट भाग्यवान. तथापि जो गवई प्रामुख्याने तबकडीतच उरतो, तो एका अर्थी नेहमी गाण्याच्या ऐन भरात असतो. त्याचा घसा कधी बसत नाही, तो कधी म्हातारा होत नाही, त्याला भूक लागत नाही. ऐकणाऱ्याची अशी समजूत होऊ लागते की या आवाजाला देह नाहीच. येथेच आमच्या प्रश्नाची पाळेमुळे आहेत.

९ मे १९३३ रोजी बर्लिनच्या एका मोठ्या चित्रगृहात श्मिटच्या एका चित्रपटाचा पहिला खेळ झाला. एक गाणे जगभर फिरते, अशा अर्थाचे त्याचे नाव. कथा जवळजवळ त्याचीच: एका ठेंगण्या गायकाला रेडिओवर कीर्ती मिळते, पण प्रेम मिळत नाही, मुलगी त्याच्या उंच मित्राकडे जाते. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा तीन-सव्वातीन महिने झाले होते. प्रचारमंत्री गोबेल्स त्या खेळास हजर होता असे सांगतात. दुसऱ्या दिवशी, १० मे च्या रात्री, त्याच शहरात पुस्तकांची होळी झाली. शीर्षकगीत मात्र लोकांच्या ओठांवर बसले आणि बसूनच राहिले. त्या गीताचा कवी ज्यू, संगीतकार ज्यू, चित्रपटाचा दिग्दर्शक ज्यू आणि गाणारा तर ज्यूच! बर्लिनच्या रेडिओचे दार श्मिटला बंद झाले होते; त्याच वर्षी तो व्हिएन्नाला गेला.

आमच्या डोळ्यांपुढे वारंवार एक साधा बर्लिनकर येतो. तो दुष्ट नाही. तो आमच्यासारखाच कोठेतरी कारकून असावा. सकाळी दाढी करताना तो ते गाणे शिळेवर वाजवतो आहे. त्या गाण्याचा धनी कोठे गेला, हे त्याला विचारावेसे वाटत नाही, कारण गाणे तर आहेच! त्याने कोणाला मारलेले नाही, कोणाचे घर लुटलेले नाही. त्याने फक्त आवाज ठेवून घेतला आणि माणूस जाऊ दिला. या माणसाला दोषी ठरविण्याचे कलम कोणत्याही संहितेत सापडणार नाही. तरीही त्याच्या शिळेत काही तरी अभद्र आहे असे आम्हांस वाटते, आणि ते काय, हे नेमके सांगता येत नाही तोवर आमचे समाधान होत नाही.

कृतज्ञता म्हणजे नुसता आनंद नव्हे. आनंद घेणाऱ्यापाशीच संपतो. कृतज्ञता देणाऱ्यापर्यंत परत जाते. सुताराची खुर्ची आपण पैसे देऊन घेतली की व्यवहार संपला, असे म्हणता येईल, जरी आमची आजी तेही मानीत नसे. आवाजाचे मात्र तसे नाही. आवाज हा माणसाने केलेला पदार्थ नव्हे. त्याच्या श्वासाचा, छातीचा, झोपेचा, जेवणाचा तो परिपाक असतो. जो आवाज घेतो त्याने त्या छातीची जोखीमही काही अंशी घेतली पाहिजे. तबकडी आणि रेडिओ यांनी ही गाठ सोडविली आणि ऐकणाऱ्यास मोठी सोय करून दिली. सोय झाली म्हणून देणे फिटते असे मात्र नाही.

पुढची वर्षे भराभर सांगतो. व्हिएन्नात आणखी चित्रपट. १९३७ साली अमेरिकेचा दौरा, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायन. १९३८ च्या मार्चात जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा ब्रसेल्स. तेथे १९३९ च्या आरंभी एक सुंदर गोष्ट घडली. शहरातल्या मुख्य ऑपेरागृहाने त्याला पुचिनीच्या 'ला बोहेम'मध्ये रोडोल्फोचे काम दिले. थंडीने काकडणाऱ्या माळ्यावरच्या खोलीत राहणारा गरीब कवी हा या ऑपेराचा नायक. पस्तिशीला टेकलेला श्मिट अखेर मायक्रोफोनवाचून, खऱ्या रंगभूमीवर, लोकांच्या डोळ्यांदेखत नायक झाला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. म्हणजे अडचण प्रेक्षकांची नव्हतीच की काय, असा संशय येतो. १९४० मध्ये बेल्जियम पडले. तो फ्रान्सच्या दक्षिण भागात आला, तेथून समुद्रापलीकडे जाण्याची खटपट फसली, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात सरहद्द चोरून ओलांडून तो स्वित्झर्लंडमध्ये शिरला.

स्वित्झर्लंडने त्याच वर्षी १३ ऑगस्टला हुकूम काढला होता की केवळ वंशामुळे पळून आलेल्यास राजकीय निर्वासित समजू नये. त्याच महिन्याच्या अखेरीस एका मंत्र्याने आपल्या देशाची तुलना भरलेल्या जीवनौकेशी केली होती. श्मिट परवानगीवाचून आला होता. त्याला झुरिकजवळच्या डोंगराळ भागातल्या गिरेनबाड येथील छावणीत ठेवण्यात आले. त्याचा दर्जा काय, याचा निर्णय व्हावयाचा होता. दर्जाचा निर्णय होईपर्यंत गाण्याची परवानगी नाही. घसा बिघडला म्हणून झुरिकच्या रुग्णालयात पाठविले. तेथे घशावर उपचार झाले. छातीत दुखते असे तो सांगत होता, पण ते कोणी मनावर घेतले नाही. आजाराचे सोंग करणारा म्हणून त्याची परत पाठवणी झाली. १६ नोव्हेंबर १९४२ रोजी छावणीजवळच्या वाल्डेग नावाच्या खाणावळीत, जेथे तो ऊब घेण्यासाठी गेला होता, त्याचे हृदय थांबले. वय ३८. त्याच्या मोकळिकीचा कागद दुसऱ्या दिवशी येऊन पोचला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

जगाने त्याचा गळाच तेवढा ऐकला होता; रुग्णालयानेही गळाच तपासला.

हे प्रथम कळले तेव्हा आम्ही संतापलो. त्या छावणीत, त्या रुग्णालयात, हा कोण आहे हे ओळखणारा एकही मनुष्य नसावा काय? ज्याची तबकडी घरोघर, त्याला असे वागवावे? दोन दिवसांनी मात्र आमचाच संताप आम्हांस संशयास्पद वाटू लागला. आमचे म्हणणे तरी काय होते? प्रसिद्ध गवई आहे, म्हणून त्याला वेगळा न्याय लावावा, असेच ना? कचेरीत असे कोणी म्हणाले तर आम्हीच प्रथम नाक मुरडतो. अमक्यांची शिफारस आहे, तमके मोठे कलावंत आहेत, तेव्हा फाइल जरा वरच्या वर काढा! यावर नियम सर्वांस सारखा असे ताठपणे सांगणे, हाच तर गरीब कारकुनाचा एकुलता एक अभिमान. त्या छावणीत श्मिटच्या शेजारी झोपणारा एखादा शिंपी असेल. त्याच्या छातीतही दुखत असेल. त्याची तबकडी नाही, त्याच्यावर चित्रपट निघालेला नाही, दिल्लीत कोणी ऐंशी वर्षांनी त्याच्यासाठी हळहळणार नाही. श्मिटला सोडावे आणि शिंप्याला ठेवावे, ही मागणी आम्ही कोणत्या तोंडाने करावी?

तेव्हा सवलतीचा युक्तिवाद आम्ही मागे घेतो. पण मग उरते काय? उरते ते हे, की श्मिटला सवलत नाकारली गेली म्हणून तो मेला नाही. आजारी माणसाच्या छातीला नळी लावून पाहू नये, असा नियम स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. ऑगस्टचा हुकूम कठोर होता, कदाचित अक्षम्य होता; पण त्या हुकुमातही रोग्याने सांगितलेले ऐकू नये असे कलम कोणी घातले नव्हते. शिंप्याचेही ऐकता आले असते, गवयाचेही. नियमाने जेथे काहीच अडविलेले नव्हते, नेमके तेथेच कोणी पुढे झाले नाही.

नियम मोडणारा एक अधिकारी त्याच देशात होऊन गेला. सेंट गालेनचा पोलीस कप्तान पाउल ग्रुनिंगर याने १९३८-३९ मध्ये सरहद्द ओलांडून आलेल्या शेकडो ज्यूंच्या कागदांवर आगमनाच्या तारखा मागच्या घातल्या, म्हणजे ते सरहद्द बंद होण्यापूर्वी आले असे दिसावे. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केले, १९४० मध्ये न्यायालयाने दंड केला. १९७२ मध्ये तो दारिद्र्यात वारला. त्याची शिक्षा रद्द व्हावयास १९९५ साल उजाडले. आमच्या पेशात तारीख मागे घालणे म्हणजे महापाप! ग्रुनिंगरची गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा खरे सांगावयाचे तर मान आदराने लवली आणि हात मात्र भीतीने आखडला. आमच्याने ते झाले नसते. पण ग्रुनिंगरच्या थोरवीत एक सोयीचा सापळा आहे, आणि तोही सांगितला पाहिजे. त्याच्याकडे पाहून आपण म्हणतो की नियम मोडण्याइतके धैर्य आपल्यात नाही. आणि असे विनयाने म्हटले की आपली सुटका होते. जणू काही नियम मोडणे आणि माणूस मोडणे यांच्या मध्ये तिसरे काही नव्हतेच!

तिसरे काय असते, ते आम्हांस आमच्याच कचेरीत कळले आहे. हे लिहावे की नाही यावर बराच विचार केला. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक दफ्तरी होते. रेकॉर्ड रूममधल्या फायलींची बाडे वर्षानुवर्षे वाहून त्यांचा खांदा एका बाजूस उतरला होता. आम्ही नवीन लागलो तेव्हा कोणती फाइल कोणत्या फळीवर हे त्यांनीच आम्हांस शिकविले. 'बेटा' म्हणून हाक मारीत. त्यांनी आजारपणासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम मागणारा अर्ज केला. तो आमच्या टेबलावर आला. डॉक्टरच्या दाखल्यावरची तारीख आणि अर्जातली तारीख जुळत नव्हत्या. आम्ही शेरा मारला: तारखांचा मेळ नाही. शेरा बिनचूक होता. फाइल उलट खाली गेली, खुलासा आला, पुन्हा वर गेली, मंजूर झाली. या फेऱ्यात अकरा दिवस गेले. मंजुरीचे पत्र जावक झाले त्याच्या दोन दिवस आधी दफ्तरी वारले होते.

पैसे वेळेवर मिळते तर ते जगले असते, असे डॉक्टरांनी कधी म्हटले नाही. आम्हीही म्हणत नाही. वरिष्ठांनी आम्हांस काही विचारले नाही, कारण विचारण्याजोगे काही नव्हते. गोष्ट इतकीच की अर्ज टेबलावर आला त्या दिवशी दफ्तरी तळमजल्यावर हजर होते. दोन जिने उतरून 'चाचा, ही तारीख काय भानगड आहे?' एवढे विचारता आले असते. ते तेथेच दुरुस्ती करून सही करते. नियम मोडावा लागला नसता, शिफारस लागली नसती, शौर्य तर नाहीच नाही. आम्ही जिने उतरलो नाही, कारण कागदाने सर्व काही सांगितलेच आहे असे आम्ही धरून चाललो. ज्यांनी आम्हांस रेकॉर्ड वाचावयास शिकविले, त्यांचेही आम्ही रेकॉर्डच वाचले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात औचित्यभंग होतो काय? होत असेल. कोठे तो संहार, आणि कोठे एका कचेरीतली दिरंगाई! आम्ही त्यांची बरोबरी करीत नाही. झुरिकच्या त्या डॉक्टरचा चेहरा आम्हांस दिसत नव्हता तो आता दिसतो, एवढेच. तो राक्षसाचा चेहरा नाही. सोंगे करणारे रोगी त्याने खरोखरीच पाहिले असतील; दिवसाचे काम उरकावयाचे असेल; पुढ्यातल्या कागदावर 'घसा' असे लिहिलेले असेल आणि घसा तर त्याने पाहिला होता!

श्मिटला झुरिकमध्येच ज्यूंच्या दफनभूमीत पुरले. त्याच्या थडग्यावर निखळत्या ताऱ्याचा उल्लेख आहे; १९३४ च्या त्याच्या एका चित्रपटाच्या नावातही तसाच आकाशातून पडणारा तारा होता. १९५८ साली पश्चिम जर्मनीत त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००४ मध्ये, जर्मन टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. ते जर्मनी निराळे आणि हे निराळे, हे मान्य. तरी सरकारी तिकीट म्हणजे सरकारी कागद, आणि त्या कागदाला यावयास ७१ वर्षे लागली. आम्हांस त्या तिकिटाची थट्टा करावयाची नाही. उशिरा आलेला कागदही यावा लागतो. तो न येण्यापेक्षा येणे बरे. मात्र तो आला म्हणजे हिशेब मिटला, असे म्हणणाऱ्याशी आमचे जमणार नाही.

तबकड्यांचेही तसेच. श्मिट गेला पण त्याचा आवाज अमर झाला, असे लिहिण्याची पद्धत आहे. हे अमरत्व त्याने मागितले नव्हते. त्याने मागितले होते ते राहण्यापुरती जागा, गाण्याची परवानगी, आणि शेवटी कोणी तरी छाती तपासावी एवढेच. जे मागितले ते न देता जे आपल्या उपयोगाचे ते जपून ठेवणे, याला दातृत्व कसे म्हणावे? तबकडी आम्ही ऐकतो, पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि आनंद तर होतोच. तो लपविण्यात अर्थ नाही. पण ज्या जागी तो उंच स्वराच्या आधी किंचित थांबून श्वास घेतो, आणि तो श्वास त्या खरखरीतूनही ऐकू येतो, तेथे आता आमचे लक्ष गाण्यावरून उडते. तो श्वास रेकॉर्डवर आहे.

काकाबाबूंना आम्ही हे सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तबकडी पुसली, सुई बदलली आणि म्हणाले, "दुसरी बाजू तुम्ही ऐकलीच नाही अजून."

दुसरी बाजू ऐकून आम्ही वर आलो. सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दफ्तरींची ती जुनी फाइल आम्ही स्वतः शोधून काढली. कोणत्या फळीवर असेल हे ठाऊक होते. शेरा आमच्याच अक्षरात आहे. त्याखाली सही, आणि सहीखाली तारीख. फाइलच्या शेवटच्या पानावर त्यांच्या पत्नीचा पत्ता आहे. ती अजून याच शहरात, यमुनेपलीकडे राहते असे कळले. रविवारी जावयाचे ठरविले आहे. तिला काय सांगावयाचे ते अजून सुचलेले नाही.